साने गुरुजी : पुन्हा वाचताना

लहानपणी वाचलेली पुस्तके मोठेपणी पुन्हा हाती घ्यावीत की घेऊ नयेत, यावरून आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात यंदा बराच वाद झाला. निमित्त साधेच होते. वाङ्मय मंडळाने आवडत्या बालपुस्तकांवर एक बैठक ठेवली होती. 'फास्टर फेणे' आणि 'गोट्या' यांची नावे निघताच हात भराभर वर गेले. 'श्यामची आई'चे नाव आले आणि वर्गात हसू पिकले. रडके पुस्तक, उपदेशाचा काढा, आजीने वाढदिवसाला दिलेली आणि कपाटात तशीच राहिलेली भेट, असा एकंदर सूर होता. गंमत म्हणजे हसणाऱ्यांपैकी निम्म्या जणांनी पुस्तक पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यापलीकडे वाचलेले नव्हते. मी त्या दिवशी काही बोलले नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र गुरुजींची सात-आठ पुस्तके ग्रंथालयातून आणली आणि ओळीने वाचून काढली. वाचता वाचता पुस्तकांपेक्षा ती लिहिणाऱ्या माणसाचीच ओढ अधिक वाटू लागली. म्हणून हा लेख पुस्तकांची शिफारस करण्यासाठी असला, तरी तो बराचसा त्या माणसाच्या आयुष्याबद्दलच आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. खोत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चौसोपी वाडा आणि भाताची कोठारे येतात. सान्यांच्या घरी एके काळी तसे होतेही; पण पांडुरंगाला कळू लागले तोवर त्या वैभवाची फक्त आठवण उरली होती. वडील सदाशिवराव कर्जात बुडाले. घरदार गेले. खोताची सून म्हणून आलेल्या यशोदाबाईंना सावकाराच्या माणसाची बोलणी ऐकून घ्यावी लागली. 'श्यामची आई'मधले कर्जाचे प्रकरण मी शाळेत असताना बहुधा वगळून पुढे गेले असेन, कारण मला ते मुळीच आठवत नव्हते. या खेपेला तेच सर्वांत अधिक झोंबले. वसुलीला आलेला माणूस दारात बसतो, घरातला पुरुष खाली मान घालतो आणि बाईचा संताप उफाळून येतो. हप्ते थकले म्हणून दारात माणूस उभा राहणे म्हणजे काय, हे आपल्या उपनगरांतल्या चाळींना आणि एका खोलीच्या घरांना सांगायला नको. हे बालवाङ्मय आहे असे म्हणून ते मुलांच्या कपाटात ठेवून देणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

आई मऊ आणि मुलगा रडवा, ही समजूतसुद्धा पुस्तक नीट वाचले की टिकत नाही. विहिरीत उडी मारायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला ही आई शिंपटीने फोडून काढते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. पत्रावळ लावायला शिकायचे नाही म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला ती वठणीवर आणते. भाजीत मीठ राहिले तर वडील न बोलता जेवून उठतात आणि ते का बोलले नाहीत, हे मुलाच्या आपोआप ध्यानात येते. अशा लहानसहान गोष्टींतून हे घर उभे राहते. बाकी बरेचसे वातावरण कोकणातल्या त्या काळच्या कोणत्याही ब्राह्मण घराचे आहे. सोवळेओवळे आहे, व्रतवैकल्ये आहेत आणि शिवाशिवही आहे.

शिवाशिवीचा तो प्रसंग मी दोनदा वाचला. एक म्हातारी महार बाई लाकडांची मोळी डोक्यावर चढवू शकत नाही आणि स्पृश्य गावातले कोणी तिला हात लावत नाही. आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे म्हणते. पण आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. आजच्या वाचकाला ती आंघोळ खटकते आणि ती खटकलीच पाहिजे. गुरुजींना हे पुस्तक लिहिताना ती सहज गाळता आली असती. त्यांनी ती ठेवली. आई जेवढी पुढे गेली तेवढीच त्यांनी दाखवली, तिला स्वतःच्या विचारांची शाल पांघरली नाही. उरलेले अंतर त्यांना स्वतःच्या पायांनी चालायचे होते. ते ते कसे चालले, हे पुढे येईलच.

शिक्षणासाठी पांडुरंगाची भ्रमंती फार झाली. पालगड, मग दापोलीची मिशन शाळा, मग औंध संस्थान. औंधला गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो तिकडे गेला. हाताने स्वयंपाक करायचा, अर्धपोटी राहायचे आणि अभ्यास करायचा, असे ते दिवस होते. तिथे प्लेग आला आणि पुण्याला जावे लागले. १९१७ साली आई गेली. मुलगा शिकायला दूर होता. शेवटची भेट झाली नाही. १९१८ मध्ये मॅट्रिक, १९२२ मध्ये बी. ए. आणि १९२४ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. ही वर्षे मी मुद्दाम दिली आहेत. आपण ज्या पदव्यांसाठी लोकलच्या गर्दीत दोन-अडीच तास घालवतो, त्याच पदव्या या माणसाने उपाशीपोटी आणि आई नसताना मिळवल्या. यात स्तुतीचा भाग नाही. त्या काळी असे अनेक होते. मला एवढेच म्हणायचे आहे की, 'श्यामची आई'तला गहिवर लेखकाने कल्पनेतून आणलेला नाही. न झालेल्या भेटीची ती भरपाई आहे.

एम. ए. साठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिले होते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने चाललेली ती संस्था होती. तिथे बसून ब्रह्म आणि माया यांची चर्चा करीत आयुष्य घालवता आले असते. पण हे गृहस्थ १९२४ च्या जूनमध्ये गावातल्या शाळेत मास्तर झाले आणि पुढे वसतिगृहाचेही काम त्यांच्याकडे आले. तिथल्या मुलांचे अंथरूण घडी करून ठेवणे, खोल्या झाडणे, मळके कपडे धुऊन टाकणे, ही कामे ते गुपचूप करीत. मुलांना त्याची लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. याशिवाय वसतिगृहासाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. रोजच्या रोज, स्वतःच्या हाताने! आमच्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लावायचे तर चार जणांच्या मागे लागावे लागते, हे संपादक मंडळातल्या माझ्या मित्रांना इथे जाता जाता सांगून ठेवते. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही सुरू केले. पुढे लिहिलेल्या 'धडपडणारी मुले' या कादंबरीत हे सगळे जग आले आहे. कादंबरी म्हणून ती सैल आहे, मध्येच व्याख्याने लागतात. तरी शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने ती वाचावी असे मला वाटते.

मास्तरकी सहा वर्षे चालली. १९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली आणि त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या काळात तुरुंग हेच त्यांचे दुसरे घर झाले. आधी धुळे, मग थेट दक्षिणेत त्रिचनापल्ली. तिथे तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे सत्याग्रही एकत्र होते आणि आपल्याला आपल्याच देशबांधवांची भाषा येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. ते तमिळ शिकले. पुढे 'कुरल' त्यांनी मराठीत आणले. १९३२ साली पुन्हा धुळ्याचा तुरुंग. या वेळी तिथे विनोबा होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि गुरुजी भरभर उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्याला मिळतो तो त्या लेखणीच्या वेगामुळे. विनोबांचे बोलणे त्यांनी किती हळुवारपणे टिपले आहे, हे पाहण्यासारखे आहे. स्वतःच्या भावनांना एरवी आवर न घालणारा हा लेखक तिथे पूर्णपणे बाजूला उभा राहतो.

१९३३ च्या फेब्रुवारीत ते नाशिकच्या तुरुंगात होते. ९ तारखेला, गुरुवारी, त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या सोमवारी पहाटे लिहून संपवली. पाच दिवस! प्रकरणांना त्यांनी 'रात्री' म्हटले आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या गोष्टी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यातली वाक्ये लिहिलेली नाहीत, बोललेली आहेत. ती कानाला बरोबर लागतात. पुस्तक १९३५ साली निघाले आणि तेव्हापासून ते बाजारात नाही असे कधी झाले नाही. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला आणि चित्रपटांसाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. २०२३ साली त्यावर आणखी एक चित्रपट आला. म्हणजे हसणाऱ्यांची संख्या दर पिढीत भरपूर असूनही पुस्तक काही हटत नाही.

त्याचे दोष मला दिसले नाहीत असे नाही. गोष्ट सांगून झाली तरी श्याम बोलतच राहतो. तात्पर्याचा घास वाचकाच्या तोंडात कोंबतो. अश्रूंचे प्रमाण जास्त आहे. सोसणारी, झिजणारी आई एवढ्या उंचावर बसवली आहे की, तिने असे झिजावेच का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी तो विचारला आणि तो रास्त आहे. घरात कर्ज वडिलांनी केले आणि किंमत आईने मोजली, ही गोष्ट पुस्तकात स्पष्ट लिहिलेली आहे. तिचा निवाडा मात्र लेखक करीत नाही. तरीही खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेणारा आणि तो घेऊन भर पावसात घरी निघालेला श्याम मला या वयातही हलवून गेला. आणि हलवून घेण्यात कमीपणा तो काय?

मात्र 'श्यामची आई'वरच थांबणे हा गुरुजींवर अन्याय आहे. माझी खरी शिफारस पुढे आहे. त्यांनी जगातल्या मोठमोठ्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या बेताच्या करून सांगितल्या. 'मनूबाबा' घ्या. मुळात ती जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर'. खोटा आळ आल्याने गाव सोडून गेलेला, माणसांना विटलेला एक विणकर सोन्याच्या नाण्यांत जीव गुंतवतो. नाणी चोरीला जातात आणि एक पोर त्याच्या दारी येते. इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला आपण ज्या बाईंचे नाव धाकधुकीने ऐकतो, त्यांची कादंबरी गुरुजींनी पाचवीतल्या मुलाला एका दुपारी वाचून संपवता येईल अशी करून ठेवली आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'वरून केलेली 'दुःखी' ही थोडी मोठ्यांसाठी. हेन्री टॉमसच्या पुस्तकावरून केलेली 'मानवजातीची कथा' हीही तशीच. आज अशा रूपांतरांना नाके मुरडण्याची पद्धत आहे. मूळ ग्रंथाची मोडतोड होते, असे म्हणतात. होते खरी. पण ज्या मुलाच्या घरी इंग्रजी नव्हते, त्याला ह्यूगो कोणी सांगितला असता? 'गोड गोष्टी' या नावाखाली अशा किती कथा पोरांच्या हाती पडल्या! मराठी शाळेतले मूल म्हणजे विहिरीतले बेडूक, असे समजणाऱ्यांनी ही यादी चाळावी. त्याच हाताने इस्लामी संस्कृतीवर, पैगंबरांच्या चरित्रावरही लिहिले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता त्या मोळीकडे परत येऊ. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनासाठी गुरुजी खानदेशात गावोगाव राबले होते. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले, आपल्या मुंबईतच वावरले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. हे सारे मी भरभर सांगते आहे, कारण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला पंढरपूरची वाटते. ज्या विठोबाच्या वारीला अवघा महाराष्ट्र जातो, त्याच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांना बाहेर थांबवणारी पायरी स्वातंत्र्य दारात आले तरी तशीच होती. गुरुजींनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावले. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केले. विरोध कडवा होता. शिव्याशाप झाले. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत, त्या गांधीजींनाही हे उपोषण सुरुवातीला पसंत नव्हते. विचार करा, ज्याच्या शब्दासाठी नोकरी सोडली, त्याचीच नापसंती आणि तरी अन्न घ्यायचे नाही! दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले. आईने आंघोळ करायला सांगितली होती, मुलाने देऊळ उघडायला लावले. ज्या पुस्तकाला आपण रडके म्हणतो त्याचा लेखक हा आहे.

यानंतरची तीन वर्षे मी जड मनाने वाचली. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला आणि खुनी महाराष्ट्रातला निघाला, या गोष्टीने गुरुजी मोडून गेले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. काही काळ 'कर्तव्य' नावाचे सायंदैनिक चालवले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले. 'साधना' पुढे पुण्याला गेले आणि अजून निघते. १९४९ साली पुण्यात आचार्य जावडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. तिथे त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातल्या प्रत्येक भाषेतले उत्तम ते दुसऱ्या भाषेत जावे, मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि एकमेकांच्या प्रांतांत राहून यावे, असा तो विचार होता. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात लागलेली टोचणी इथवर आली होती.

हा भाग वाचताना मला आमची मुलुंडची इमारत आठवली. तळमजल्यावर कच्छी कुटुंब, वर तमिळ, समोर मल्याळी आणि आम्ही. घाटकोपरला गुजराती, अंधेरीला तर सारा देशच. आपण एकमेकांच्या घरचे ढोकळे आणि इडल्या खातो, दिवाळीला फराळाचे ताट देतो. पण शेजाऱ्याच्या भाषेतल्या एका लेखकाचे नाव विचारले तर गप्प बसतो. गुरुजींच्या नावाच्या संस्था आपल्या भागात आहेत. सांताक्रूझला साने गुरुजी आरोग्य मंदिर आहे, गोरेगावात त्यांच्या विचारांची माणसे पिढ्यान्पिढ्या काम करीत आली. आंतरभारतीची शाळा मात्र या उपनगरांत रोज फुकट भरत असताना आपण तिच्या दारावरून नुसते जातो येतो.

शेवटच्या काळात त्यांनी आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहिली. ती 'साधने'त येत आणि पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. मला विचाराल तर गुरुजींचे सर्वांत चांगले गद्य इथे आहे. झाडे, पाखरे, पाऊस, वाचलेली पुस्तके, देशात आणि जगात घडणारे बरेवाईट, असे सगळे एका मुलीशी बोलावे तसे येते. उपदेश आहे, पण तो हळू आवाजात आहे. ही पत्रे लिहिणारा माणूस आतून किती थकला होता, हे मुलीला कळू नये याची काळजी प्रत्येक पत्रात घेतलेली दिसते. निदान मला तशी दिसली. ११ जून १९५० रोजी, झोपेच्या गोळ्या घेऊन, त्यांनी मुंबईत आपले आयुष्य संपवले. वय पन्नास. लग्न केले नव्हते, मागे घरदार नव्हते. शाळेच्या पुस्तकांत हे वाक्य येत नाही. जन्म, कार्य, ग्रंथ आणि निधन एवढेच येते. आमच्यापैकी अनेकांना ते महाविद्यालयात आल्यावर कळले. मला ते लपवण्यासारखे वाटत नाही. हजारो मुलांची आई झालेल्या माणसाला त्या रात्री कोणापाशी तरी बोलता आले असते तर, हा विचार मनातून जात नाही. आपल्या आजूबाजूच्या बाकांवरही न बोलणारे काही जण बसलेले असतात.

ज्यांना वाचायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गुरुजींच्या पुस्तकांवरील स्वामित्वहक्काची मुदत २०१० अखेर संपली. त्यामुळे 'श्यामची आई' आता अनेक प्रकाशक काढतात आणि स्वस्तात मिळते. पण संक्षिप्त आवृत्तीत नेमका कर्जाचा आणि मोळीचा भाग आहे की नाही, ते पाहून मगच घ्यावी. घरात आठ-दहा वर्षांचे भावंड असेल, तर त्याला आधी 'मनूबाबा' द्यावे, तेही स्वतः मोठ्याने वाचून. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना मराठी अक्षरांची भीती वाटते, गोष्ट ऐकण्याची वाटत नाही. माझ्या मामेभावाने तीन रात्रींत ते संपवायला लावले आणि चौथ्या रात्री दुसरे मागितले. 'श्यामची आई' त्यानंतर, रोज एक रात्र. 'सुंदर पत्रे' आपण आपल्यासाठी ठेवावीत. आमच्या ग्रंथालयात तिची एक प्रत आहे. पाठीची शिवण सुटली आहे, तेव्हा जपून हाताळावी. सध्या ती माझ्याकडे आहे आणि येत्या सोमवारी परत करणार आहे.